छर्रे रायफलीतून का उडवत नाहीत?

धार आणि देवास ही माळव्यातली पवारांची मराठी संस्थानं. संस्थानी शिकारीबद्दल वाचताना मला प्रश्न पडायचा: हाताशी रायफल असताना सशा-तितरांसाठी वेगळी छर्र्याची बंदूक कशाला?

उत्तर नावातच आहे. रायफल हे नाव पडलं नळीतल्या पेचदार खाचांवरून. त्या गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. पण खटका खालीवर करून भरायच्या रायफलीतून छर्र्यांचं काडतूस उडवलं, तर छर्रेही फिरतात आणि बाहेर पडताच चहूकडे पांगतात. ओली छत्री फिरवली की थेंब उडतात ना, तसे! मधे पोकळी राहते. जरा लांबचा ससा मग मरत नाही. एखादा छर्रा अंगात घेऊन पळतो, झुडपात तडफडतो.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज ही शिकार गुन्हाच आहे. तेव्हा हा कायदा नव्हता, तरी जनावर अर्धमेलं सोडायचं नाही, एवढा नेम पाळायचा तर योग्य बंदूक हवीच होती.