लाल ठिपका नेमावर कसा बसतो?

वाटेने चालताना झाडे मागे सरतात, पण चंद्र मात्र आपल्या सोबतच चालत राहतो. कारण त्या अतिदूर बिंबाचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. अमेरिकेत आत्मरक्षणार्थ वस्त्राआड पिस्तूल बाळगणारे अनेक नागरिक हल्ली त्यावर ‘रेड डॉट’ हे जे नेम धरण्याचे साधन बसवितात, त्याचे मर्म हेच आहे.

साध्या पिस्तुलावरील मागची खाच, पुढचा उंचवटा आणि लक्ष्य ही तिन्ही निरनिराळ्या अंतरांवर असल्याने, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावत असल्याने, विशेषतः चाळिशीनंतर, नेम धरणे कष्टाचे होते. रेड डॉटमध्ये सूक्ष्म दिव्याचा प्रकाश वक्र काचेवर पडतो. तिच्यावरील पातळ लेप लाल प्रकाश परतवितो, इतर बहुतांश प्रकाश आरपार जाऊ देतो, आणि वक्रतेमुळे परतलेले किरण समांतर होतात. त्यामुळे ठिपका काचेत नसून दूर लक्ष्यापाशीच असल्याचा भास होतो, दृष्टी लक्ष्यावरच ठेवता येते आणि डोळा किंचित हलला तरी नेम फारसा ढळत नाही. प्रत्यक्ष लक्ष्यावर प्रकाश मुळीच पडत नाही.

डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली हे तत्त्व मांडले. तथापि मनगट कलले की ठिपका चौकटीबाहेर जातो, आणि दिवा उघडा असलेल्या बनावटीत कपड्याचा तंतूही प्रकाश अडवू शकतो. म्हणून सराव आणि स्वच्छता या दोहोंत हयगय होता कामा नये.