श्वास थांबला म्हणजे माणूस गेला असं नाही

पारगाव नावाची दोन गावं या पट्ट्यात आहेत. एक जुन्नर तालुक्यातलं पारगाव तर्फे आळे. दुसरं आंबेगाव तालुक्यातलं, जिथे दत्तात्रयनगरला भीमाशंकर साखर कारखाना आहे. दोन्हीकडे ऊस, कांदा आणि शेतातच वस्ती. शेतीपंपाची वीज आलटून पालटून रात्रीची येते, त्यामुळे अंधारात दारं धरायला जावं लागतं. उकाड्यात आणि पावसाळ्यात अनेक घरांत माणसं जमिनीवरच वाकळ टाकून झोपतात. हंगामात ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या पडतात, त्यांचं अंथरूण तर मातीवरच असतं. मण्यार ही विषारी सापाची जात रात्री फिरते आणि उंदीर, पाली, लहान साप यांच्या मागावर घरात शिरते. या भागात धडधाकट माणसाचा श्वास अचानक बंद पडण्यामागे मण्यारीचा दंश हे एक मोठं कारण आहे, आणि त्याबद्दलचे गैरसमज विषाइतकेच घातक ठरतात.

श्वसन निकामी होणं म्हणजे फुफ्फुसांचा आजार, असं आपण धरून चालतो. डॉक्टरांची व्याख्या त्याहून व्यापक आहे. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरखाली गेला, किंवा कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढून ४५-५० च्या वर गेला, की श्वसन निकामी झालं असं म्हणतात. पहिल्या प्रकारात बहुधा फुफ्फुसातच बिघाड असतो: न्यूमोनिया, कोविड, किंवा फुफ्फुसात साचलेलं पाणी. विंचूदंशात हेच घडतं. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी भरतं. त्यावर प्राझोसिन या गोळीचा उपयोग महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात दाखवून दिला आणि कोकणातले कितीतरी जीव वाचले. दुसऱ्या प्रकारात फुफ्फुसं ठणठणीत असतात, पण त्यांना हलवणारं श्वासपटल आणि छातीचे स्नायू काम करत नाहीत. मण्यारीचा दंश या दुसऱ्या प्रकारात मोडतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे आजाराचे रुग्ण वाढले, त्यातल्या काहींना व्हेंटिलेटर लागला तो याच कारणाने. पिकावरच्या काही कीटकनाशकांची बाधा झाली तरी स्नायू असेच ढिले पडतात, शिवाय छाती स्रावांनी भरते.

पहिला गैरसमज दंशाबद्दलच आहे. पान लागलं तर दुखेल, सुजेल, दोन दात उमटलेले दिसतील, ही अपेक्षा घोणस किंवा नागाच्या बाबतीत बरीचशी खरी ठरते. मण्यारीच्या बाबतीत ती फसवते. तिचे दात बारीक असतात. दंश जवळजवळ दुखत नाही आणि सूज नसते. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. तो पहाटे पोटात कळ येऊन किंवा उलटी होऊन उठतो, आणि घरचे म्हणतात, रात्रीचं खाणं बाधलं. ओवा, सोडा, गरम पाणी यांत दोन तास जातात. म्हणून जमिनीवर झोपलेल्याला पहाटे अचानक पोटदुखी किंवा घशात दुखणं सुरू झालं, आणि पापण्या जड वाटू लागल्या, तर साप दिसला नसला तरी मण्यारीचा दंश धरूनच दवाखान्याकडे निघावं. अंगावर खूण शोधत बसू नये.

दुसरा गैरसमज असा, की श्वास कमी पडला तर माणूस धापा टाकेल. दम्याच्या रोग्यात तसं होतं, कारण त्याचे स्नायू जोर लावू शकतात. मण्यारीच्या विषाने स्नायूंपर्यंत हुकूमच पोचत नाही. त्यामुळे हा रुग्ण शांत पडलेला दिसतो, झोप आल्यासारखा, आणि त्या शांतपणातच धोका असतो. खुणा वरून खाली उतरतात. आधी पापण्या मिटू लागतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, मग बोलणं नाकातून येतं, थुंकी गिळता येत नाही, उशीवरून मान उचलता येत नाही, आणि शेवटी छाती हलायची थांबते. घरच्या घरी एक गोष्ट पाहता येते. रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगून एका दमात आकडे मोजायला लावा. निरोगी मोठा माणूस सहज तिशीपर्यंत जातो. पंधराच्या आत अडकू लागला, किंवा दर थोड्या वेळाने आकडा खाली येत असेल, तर श्वासाचे स्नायू थकत आहेत.

कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले. बोटावर लावला, ९७ दाखवला, म्हणजे सगळं ठीक, असा समज त्याबरोबर आला. मण्यारीच्या दंशात तो भरवशाचा नाही. हवेची ये-जा कमी झाली की कार्बन डायऑक्साइड आधी साठू लागतो, आणि तो ऑक्सिमीटरला दिसत नाही. त्यात नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असेल तर आकडा आणखी उशिरापर्यंत चांगला राहतो. ऑक्सिजन देणं चूक नाही, पण ज्याची छातीच हलत नाही त्याला ऑक्सिजन पुरेसा नसतो, त्याला श्वास द्यावा लागतो. याच्या उलट, चुलीच्या धुराने किंवा विडीने वर्षानुवर्षं फुफ्फुसं खराब झालेल्यांना बेसुमार ऑक्सिजन दिला तरी कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येऊ शकते. अशांचा आकडा साधारण ८८ ते ९२ ठेवतात. मशीनवरची संख्या माणसाकडे पाहून वाचावी लागते.

हा धडा जगाला १९५२ साली मिळाला. कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात पोलिओने श्वास बंद पडलेल्यांची रांग लागली होती आणि लोखंडी श्वासयंत्रं थोडीच होती. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ओळखलं, की रुग्ण मरतायत ते साठलेल्या कार्बन डायऑक्साइडने. त्याने गळ्याला छिद्र करवून नळी घातली आणि हाताने रबरी पिशवी दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. मग वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने कित्येक आठवडे रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले, आणि मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजचे अतिदक्षता विभाग तिथून सुरू झाले. आपल्या ग्रामीण रुग्णालयातही ती पिशवी, अँबू बॅग, असायला हवी. व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता रुग्ण तिच्यावर काढू शकतो.

आता लशीविषयी. आपल्याकडे 'सापाची लस' म्हणतात ते प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच असतं आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं. सुरुवातीला साधारण ८ ते १० कुप्या देतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष वयाप्रमाणे मोजून सोडलेलं नसतं. पण ती दिली की रुग्ण उठून बसेल, ही अपेक्षा मण्यारीत पुरी होत नाही. रक्तात फिरणारं विष लस बांधून ठेवते. जे विष चेतातंतूंच्या टोकांना आधीच लागलं, तिथली हानी ती भरून काढत नाही. नागाच्या विषाचा परिणाम निओस्टिग्मिन या औषधाने पुष्कळदा हटतो, मण्यारीत तेवढं यश मिळत नाही. म्हणून लशीमागून लशी देत राहण्याने काही साधत नाही. चेतातंतू स्वतःहून सुधारेपर्यंत, कुणाला दोन-तीन दिवस तर कुणाला आठवडाभर किंवा जास्त, दुसऱ्या कुणीतरी श्वास द्यायचा असतो.

इथेच सगळ्यात क्रूर गैरसमज आडवा येतो: व्हेंटिलेटरवर घेतलं म्हणजे संपलं. कोविडने हा समज पक्का केला. पण कोविडमध्ये फुफ्फुसंच जळून गेली होती, इथे ती शाबूत आहेत. मण्यारीचा रुग्ण पूर्ण लुळा पडतो, डोळे उघडत नाहीत, बाहुल्या विस्फारतात आणि उजेडालाही हलत नाहीत. पाहणाऱ्याला मेंदू गेल्यासारखं वाटतं. तरीही तो आतून जागा असू शकतो, शेजारी काय बोललं जातंय ते ऐकत असू शकतो. अशा वेळी 'आता घरी घेऊन जातो' म्हणणारे नातेवाईक एका वाचणाऱ्या माणसाचा श्वास काढून घेत असतात. त्याच्याशी बोला, धीर द्या, आणि डॉक्टरांना वेळ द्या. हे रुग्ण बहुतेकदा पूर्ण बरे होऊन चालत घरी जातात. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत याच परिसरात कित्येक वर्षं सर्पदंशावर उपचार करत आहेत आणि गावोगाव जागृतीही करत आहेत. उपचारासाठी मुंबई-पुण्याकडेच बघावं लागत नाही.

विष उतरवायला देवळात नेण्याविषयी थोडं. बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. अशा दंशाचे रुग्ण कुठेही नेले तरी वाचतात, आणि श्रेय मंत्राला मिळतं. त्याहून वाईट म्हणजे विष चढलं का ते बघायला कडुलिंबाचा पाला किंवा मिरची चारणं. गिळण्याचे स्नायू ढिले पडलेल्या माणसाच्या तोंडात काही घातलं तर ते श्वासनलिकेत उतरतं. पाणीसुद्धा देऊ नका. गाडीत त्याला उताणं न ठेवता डाव्या कुशीवर ठेवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडेल. दोरी आवळू नका, कापू नका. वाटेत श्वास थांबलाच तर तोंडाने श्वास देत राहा.

टाळण्याचा उपाय स्वस्त आहे: खाटेवर झोपणं, आणि जमिनीवरच झोपायचं असेल तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचणं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, त्यातली बहुतेक ग्रामीण भागातली.

१०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. आणि आपल्या जवळच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता लस, अँबू बॅग आणि ती वापरणारा माणूस हजर असतो का, हे आजच जाऊन विचारा. नसेल तर ग्रामसभेत तसा ठराव मांडा.