ड्रोन आहे, पण रिमोट नाही! दुसरा रिमोट घेताना नेमकं काय बघायचं?

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात बोदलकसा आहे. टेकड्या, जंगल आणि मधोमध पसरलेला सिंचनाचा मोठा तलाव. एमटीडीसीचं पर्यटक निवासही तिथेच आहे. अशी जागा वरून कशी दिसत असेल, हा विचार मनात आला की पुढचा शब्द असतो ‘ड्रोन’.

नवा ड्रोन महाग पडतो म्हणून मग जुन्याचा शोध सुरू होतो. जाहिरात दिसते : ‘ड्रोन ओके कंडिशन, रिमोट नाही, किंमत निम्मी.’ आपण म्हणतो, रिमोटच तर आहे, घेऊ दुसरा. टीव्हीचा नाही का दुसरा मिळत?

गडबड इथेच होते. टीव्हीला युनिव्हर्सल रिमोट चालतो, ड्रोनला तसा चालत नाही. चुकीचा रिमोट घेतला तर काही हजार रुपये वाया जातात. अर्धवट जुळणारा घेतला तर ड्रोन थेट तलावात जाऊ शकतो. म्हणून पैसे देण्याआधी हा विषय नीट समजून घेऊ.

सगळे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, मग जुळत का नाहीत?

रिमोटच्या खोक्यावर ‘२.४ गिगाहर्ट्झ’ असं लिहिलेलं असतं. ड्रोनच्या खोक्यावरही तेच असतं. मग जुळायला हवं ना?

नाही. २.४ गिगाहर्ट्झ हा फक्त रस्ता झाला. वायफाय, ब्लूटूथ, खेळण्यातल्या गाड्या, ड्रोन, सगळे याच रस्त्यावरून जातात. त्या रस्त्यावर कोण कोणत्या भाषेत बोलतं, हा खरा मुद्दा आहे. या भाषेला ‘प्रोटोकॉल’ म्हणतात. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांपैकी एक मराठी आणि दुसरा जपानी बोलत असेल, तर आवाज कितीही मोठा करा, गाडी पुढे सरकत नाही.

आणि भाषा एक असली तरी ओळख लागतेच. प्रत्येक रिमोट आणि ड्रोन आधी एकमेकांशी जोडून घ्यावे लागतात. याला ‘बाइंडिंग’ किंवा ‘लिंकिंग’ म्हणतात. एकदा जोडणी झाली की ड्रोन फक्त त्याच रिमोटचं ऐकतो. नाहीतर मैदानात दोघं जण ड्रोन उडवायला लागले, तर कोणाचा ड्रोन कोणाच्या हातात जाईल, याचा नेम राहणार नाही.

म्हणजे तीन गोष्टी जुळायला हव्यात : फ्रिक्वेन्सी, प्रोटोकॉल आणि जोडणी. पहिल्या दोन जुळल्या तर तिसरी करता येते. पहिल्या दोनच जुळत नसतील, तर कुठलीही ट्रिक चालत नाही.

तुमचा ड्रोन कोणत्या जातीचा आहे?

छोट्या ड्रोनचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत आणि तिघांचा हिशोब वेगळा आहे.

१. खेळण्यातले ड्रोन

ई८८, ई५८, ई९९ अशा नावांनी ऑनलाइन विकले जाणारे घडीचे ड्रोन या प्रकारात येतात. बाहेरून सारखेच दिसणारे हे ड्रोन वेगवेगळ्या नावांनी विकले जातात आणि आत कोणती चिप बसवली आहे, हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे मित्राकडे ‘सेम टू सेम’ ड्रोन असला, तरी त्याचा रिमोट तुमच्या ड्रोनला चालेलच असं नाही.

यावर उपाय सोपा आहे. मित्राचा रिमोट आधी मागून आणा आणि जोडून बघा. या ड्रोनची जोडणी बहुतेक वेळा एकाच पद्धतीने होते. ड्रोन सपाट जागेवर ठेवून चालू करायचा, रिमोट चालू करायचा, मग डावी काडी पूर्ण वर आणि पूर्ण खाली न्यायची. लुकलुकणारे दिवे स्थिर झाले की जोडणी झाली.

आणखी एक गोष्ट. यातल्या कॅमेरावाल्या ड्रोनचा व्हिडिओ रिमोटमधून येत नाही. ड्रोन स्वतःचं वायफाय सोडतो आणि फोन त्याला जोडला जातो. अनेक मॉडेलमध्ये त्याच ॲपमधून ड्रोन उडवताही येतो. त्यामुळे रिमोट बिघडला असेल तर आधी ॲप वापरून बघा. अंतर कमी मिळेल, पण ड्रोन चालू आहे की नाही, हे तरी फुकटात कळेल.

टेलो हा ८० ग्रॅमचा छोटा ड्रोन तर मुळातच फोनवर चालतो. त्याच्यासोबत रिमोट येतच नाही. हवा असेल तर त्याला चालणारा ब्लूटूथ गेमपॅड वेगळा घ्यावा लागतो.

२. डीजेआयसारखे कॅमेरा ड्रोन

सर्वात जास्त पैसे इथेच अडकतात, कारण नावं आणि दिसणं दोन्ही फसवं आहे.

मिनी २ आणि मिनी एसई यांचंच घ्या. दोन्ही २४९ ग्रॅमचे आणि शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतील. पण मिनी २ ‘ऑक्युसिंक २’ या यंत्रणेवर बोलतो आणि मिनी एसई सुधारित वायफायवर. एकाचा रिमोट दुसऱ्याला चालत नाही.

२०१९ चा मॅविक मिनी तर एकाच नावाने दोन प्रकारांत आला. एक फक्त ५.८ गिगाहर्ट्झवर चालणारा, त्याच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी ‘एसएस५’ असतं. दुसरा २.४ आणि ५.८ दोन्हींवर चालणारा, त्याच्या शेवटी ‘एसडी२५’ असतं. रिमोटच्या मागच्या स्टिकरवरही असाच क्रमांक असतो. ड्रोनवर एसएस५ असेल तर रिमोटवरही एसएस५च शोधा.

आता स्क्रीनवाले रिमोट. ‘डीजेआय आरसी’ आणि ‘डीजेआय आरसी २’ दिसायला जवळपास सारखे. आरसी २ ला वर उघडणाऱ्या अँटेना आहेत, आरसीला नाहीत. मिनी ३ आणि मिनी ३ प्रो यांना आरसी चालतो. मिनी ४ प्रो ‘ओ४’ या नव्या यंत्रणेवर चालतो, त्यामुळे त्याला आरसी २ किंवा बिनस्क्रीनचा आरसी-एन२ लागतो. जुना आरसी किंवा आरसी-एन१ घेऊन मिनी ४ प्रो उडवायला गेलात तर तो जोडला जाणार नाही.

उलट, आरसी-एन१ हा एकच रिमोट मॅविक एअर २, मिनी २, एअर २ एस, मिनी ३ प्रो अशा अनेक ड्रोनला चालतो. म्हणजे ‘नवा रिमोट म्हणजे जास्त चांगला’ हे गणित इथे लागू पडत नाही. तुमच्या ड्रोनच्या पिढीचा रिमोट, हेच गणित.

मग खात्री कशी करायची? कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक रिमोटच्या पानावर तो कोणत्या ड्रोनला चालतो याची यादी असते. विकणारा काय सांगतो यापेक्षा ती यादी बघा. यादीत तुमच्या मॉडेलचं पूर्ण नाव असेल तरच पुढे जा. ‘मिनी ३’ आणि ‘मिनी ३ प्रो’ हे दोन वेगळे ड्रोन आहेत, हे विसरू नका.

३. एफपीव्ही आणि स्वतः बांधलेले ड्रोन

इथे चित्र उलटं आहे. रिमोट वेगळा घ्यायचा असतो आणि ड्रोनमध्ये ‘रिसीव्हर’ बसवलेला असतो. रिसीव्हर ज्या भाषेचा, त्या भाषेचा रिमोट घ्यायचा. फ्लायस्काय, एफआरस्काय, क्रॉसफायर आणि एक्सप्रेसएलआरएस ही त्यातली ओळखीची नावं.

एक्सप्रेसएलआरएस घेत असाल तर दोन गोष्टी बघा. रिमोट आणि रिसीव्हर दोन्हींत सॉफ्टवेअरची मुख्य आवृत्ती एकच हवी. एकात २ आणि दुसऱ्यात ३ असेल तर जोडणी होत नाही. दुसरं म्हणजे दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीचे हवेत. २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट ९०० मेगाहर्ट्झवाल्या रिसीव्हरशी बोलत नाही.

हातात अनेक कंपन्यांचे छोटे ड्रोन असतील तर ‘मल्टिप्रोटोकॉल’ रिमोट मिळतात. ते बऱ्याच खेळण्यातल्या ड्रोनच्याही भाषा बोलतात. युनिव्हर्सल रिमोटच्या सर्वात जवळ जाणारी वस्तू हीच. पण डीजेआयचे कॅमेरा ड्रोन यावर चालत नाहीत.

भारतात कोणती फ्रिक्वेन्सी चालते?

परदेशातून मागवलेला रिमोट घेताना हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. भारतात २.४ गिगाहर्ट्झ, ५.८ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हे पट्टे ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतात. अमेरिकेसाठी बनवलेली ९१५ मेगाहर्ट्झची उपकरणं या सवलतीत बसत नाहीत. म्हणून लांब पल्ल्याच्या नावाखाली ९१५ चा रिमोट स्वस्तात मिळत असेल तर तो सोडून द्या.

आयातीचा मुद्दाही आहेच. ९ फेब्रुवारी २०२२ पासून पूर्ण ड्रोन परदेशातून आणायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठी अपवाद आहे. सुट्या भागांना मात्र तशी मंजुरी लागत नाही. म्हणून जुना परदेशी ड्रोन घेताना तो कधी आणला आणि बिल आहे का, हे आधी विचारा.

जुना रिमोट घेताना

समजा मॉडेल जुळलं. तरी पैसे देण्याआधी एवढं करा :

- ड्रोन सोबत घेऊन जा आणि तिथेच जोडणी करून बघा. मिनी २ सारख्या ड्रोनमध्ये पॉवरचं बटण चार सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरलं की तो जोडणीसाठी तयार होतो. बाकीचं काम ॲपमधून होतं.
- दोन्ही काड्या चारही दिशांना फिरवा. सोडल्यावर त्या बरोबर मधे येतात का? ॲपमध्ये कॅलिब्रेशन करून बघा.
- ड्रोन आधीच्या मालकाच्या खात्याला जोडलेला असेल तर त्याच्याकडूनच तो खात्यातून काढून घ्या. नंतर फोन उचलला नाही तर तुम्ही अडकाल.
- बिनस्क्रीनच्या रिमोटला तुमच्या फोनची केबल लागते. टाइप-सी की लायटनिंग, हे बघून घ्या.
- अँड्रॉइड फोन असेल तर डीजेआय फ्लाय ॲप गुगल प्ले स्टोअरवर शोधू नका, ते कंपनीच्या वेबसाइटवरून घ्यावं लागतं.
- खेळण्यातल्या ड्रोनचा रिमोट असेल तर ‘मोड’ बघा. मोड २ मध्ये वर-खाली करण्याची काडी डावीकडे असते, मोड १ मध्ये उजवीकडे. एकाची सवय असताना दुसरा हातात आला की ड्रोन झाडात गेलाच समजा.

तलावावर जाण्याआधी

जोडणी, ॲप, फर्मवेअर अपडेट ही सगळी कामं घरी वायफायवरच उरकून घ्या. तलावाच्या काठावर उभं राहून शेकडो एमबीचं अपडेट उतरवायची वेळ आली तर सहल तिथेच संपते.

नवा रिमोट जोडला की पहिलं उड्डाण पाण्यावर करू नका. मोकळ्या कोरड्या मैदानात करा. आणि एक चाचणी चुकवू नका : रिमोटचा संपर्क तुटला तर ड्रोन काय करतो? जीपीएसवाला कॅमेरा ड्रोन सहसा निघालेल्या जागी परत येतो. पण परतीची उंची आजूबाजूच्या झाडांपेक्षा जास्त ठेवलेली हवी, नाहीतर परत येताना तो फांद्यांत अडकतो. खेळण्यातल्या बहुतेक ड्रोनमध्ये जीपीएस नसतं. संपर्क तुटला की तो आहे तिथेच खाली उतरतो किंवा वाऱ्याबरोबर वाहत जातो. खाली मैदान असेल तर ठीक, तलाव असेल तर तो परत मिळत नाही. असा ड्रोन पाण्यावर नेऊच नये.

बोट किंवा डोंग्यातून ड्रोन उडवायचा विचारही नको. ड्रोन ‘घर’ म्हणून उड्डाणाची जागा लक्षात ठेवतो. तोवर डोंगा पुढे सरकलेला असतो आणि ड्रोन परत येतो तो पाण्यात.

रिमोट जुळला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही

बोदलकसाच्या बाबतीत हा मुद्दा सर्वात महत्त्वाचा आहे. हा तलाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आहे. नवेगाव-नागझिरा हा डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर झालेला राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प. चोरखमारा आणि मंगेझरी ही त्याची प्रवेशद्वारं याच भागात आहेत. अभयारण्यात जायला आणि छायाचित्रणालाही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगी लागते. ड्रोन तर दूरच राहिला. काठावर उभं राहून उडवलेला ड्रोन दोन मिनिटांत जंगलावर पोहोचू शकतो. त्यामुळे आधी वनविभागाला विचारा आणि ‘नाही’ म्हटलं तर ड्रोन बॅगेतच ठेवा. हिवाळ्यात तलावावर स्थलांतरित पाणपक्षी उतरलेले असतात. एका ड्रोनच्या आवाजाने अख्खा थवा उठतो आणि बिचाऱ्यांची विश्रांती मोडते.

बाकी नियम ड्रोन नियम, २०२१ मध्ये आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात मोडतो आणि तो उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोपर्यंतच्या ‘मायक्रो’ ड्रोनलाही व्यावसायिक वापर नसेल तर ते लागत नाही. मात्र लग्नाच्या शूटिंगचे पैसे घेतले की तो व्यावसायिक वापर झाला. वजन मोजताना ड्रोनवर लावलेलं सगळं धरलं जातं. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला पंख्यांचे गार्ड लावले की तो नॅनोतून बाहेर जातो.

ग्रीन झोनमध्ये १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. गोंदियाजवळ बिरसी विमानतळ आहे आणि तिथे वैमानिकांचं प्रशिक्षणही चालतं. म्हणून त्या बाजूला ड्रोन काढण्याआधी सरकारी नकाशावर आपली जागा कोणत्या झोनमध्ये आहे ते तपासा.

थोडक्यात

आधी ड्रोनच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक वाचा. मग कंपनीच्या यादीत तो चालणारा रिमोट शोधा. नंतर समोरासमोर जोडून बघा आणि मगच पैसे द्या. हे तिन्ही जमत नसेल, तर बिनरिमोटचा ‘निम्म्या किमतीतला’ ड्रोन घेऊ नका, कारण उरलेली निम्मी किंमत रिमोट शोधण्यातच जाते.

तुमच्या ओळखीत कोणी असा ड्रोन घ्यायच्या बेतात असेल, तर पैसे पाठवण्याआधी त्याला हे वाचायला द्या.