शरमेपोटी लपवलेलं गळू जिवावर बेतू शकतं

आपल्या घरांत मूळव्याधीला बवासीर म्हणतात, भगंदराला नासूर. दोन्ही शब्द हळू आवाजात. स्टेशनाबाहेरच्या भिंतींवर मात्र याच आजारांच्या जाहिराती! म्हणजे रुग्ण भरपूर, बोलणारे कमी.

क्रोन्स नावाच्या आजारात आतड्याला वर्षानुवर्षं सूज राहते. जुलाब, पोटदुखी, वजन उतरणं ही लक्षणं आतड्याच्या टीबीसारखीच, त्यामुळे आपल्याकडे निदानात गल्लत होते. यातल्या बऱ्याच रुग्णांना शौचाच्या जागेजवळ गळू किंवा भगंदर होतं. बहुतेकदा ते उपचाराने आटोक्यात येतं. पण क्वचित त्यातले जंतू कातडीखालच्या पडद्यातून झपाट्याने पसरतात. बारीक रक्तवाहिन्यांत रक्त गोठतं आणि आतलं मांस सडू लागतं. जननेंद्रियाच्या आसपास हे झालं तर त्याला फोर्निए गँगरीन म्हणतात. पॅरिसच्या डॉ. फोर्निए यांनी १८८३ मध्ये तरुण पुरुषांतल्या अशा केसेसचं वर्णन केलं होतं. आजार बायकांनाही होतो. डायबेटिस असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो.

फसवणूक अशी, की सुरुवातीला वरची कातडी जवळजवळ साधी दिसते आणि दुखणं मात्र सहन होत नाही. आमच्या मते घरातल्या प्रत्येकाने हीच एक गोष्ट लक्षात ठेवावी. नंतर ताप, कडक सूज, काळपट चट्टे, फोड येतात, माणूस बरळू लागतो. स्टेरॉइड घेणाऱ्याला ताप येईलच असंही नाही.

इथे मलम, लेप, ‘सकाळी बघू’ काही चालत नाही. सडलेला भाग ऑपरेशन करून काढावाच लागतो, तोही काही तासांत. सोबत अँटिबायोटिक्स. कधी दोन-तीनदा ऑपरेशन होतं. १०८ ला फोन करा. भाईंदरचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय जवळ असो की खाजगी, पहिला प्रश्न एकच: सर्जन आत्ता आहेत का? आतड्याचा आजार, शुगर आणि चालू गोळ्या न विचारता सांगा.

पडद्याचा प्रश्न येतो. इलाजाच्या गरजेपुरतं सतर दाखवायला शरीयतमध्ये मुभा आहे. लेडी डॉक्टर मिळाल्या तर उत्तम, पण त्यांच्यासाठी रात्र घालवू नका.

जखम स्वच्छ राहावी म्हणून काहींना पोटावर शौचाची पिशवी लावतात, ती पुष्कळदा तात्पुरती असते. मग नमाजचं काय, असं रुग्ण विचारतात. माजूर माणसाला वजूत सवलत आहे. तपशील आपल्या मस्जिदीतल्या इमामसाहेबांना विचारावा.