पाळण्यावाचूनचे घर

महाभारताच्या आदिपर्वात जरत्कारू नावाच्या तपस्व्याची कथा आहे. व्रतस्थ वृत्तीने देशोदेशी हिंडत असता त्याला एका खड्ड्यात काही माणसे उलटी लोंबकळताना दिसली. त्यांना आधार होता तो वाळ्याच्या गवताच्या एका मुळाचा, आणि तेही एक उंदीर हळूहळू कुरतडीत होता. चौकशी करता कळले, की ते त्याचेच पितर. कुळातला एकुलता एक वंशज लग्न करावयास तयार नाही म्हणून त्यांची ही दशा झाली होती. मग जरत्कारूने अटी घालून वासुकी नागाच्या बहिणीशी विवाह केला, आणि ती गर्भवती असतानाच तिला सोडून तो पुन्हा तपाला निघून गेला. पितर वाचले. त्या बहिणीची इच्छा काय होती, हे विचारण्याची गरज मात्र कथेत कोणालाच भासली नाही. तिच्या भावाने तिला याच कामासाठी राखून ठेवले होते.

अपत्याविषयीची आपली परंपरागत दृष्टी या एका कथेत जवळजवळ पूर्ण सामावली आहे. तैत्तिरीय संहितेत म्हटल्याप्रमाणे माणूस तीन ऋणे घेऊनच जन्माला येतो, आणि त्यांतले पितरांचे ऋण फिटते ते संततीने. हे कर्ज कोणी मागून घेतलेले नसते, त्यामुळे ते नाकारण्याचाही प्रश्न उद्भवत नाही. नवरा-बायकोने आपसांत ठरवून मूल होऊ न देणे हा मग त्यांचा खाजगी मामला राहत नाही. ती सगळ्या कुळाच्या वतीने काढलेली नादारी ठरते. घरातली वडील माणसे अशा निर्णयाने रागावण्यापेक्षा भयभीत का होतात, याचा उलगडा येथे होतो. त्यांच्या मनात ते गवताचे मूळ असते.

तथापि, परंपरेत अपत्यविन्मुखतेला मुळी स्थानच नव्हते असे म्हणणे चुकीचे होईल. आत्मज्ञान झालेले पुरुष संततीची इच्छा करीत नसत, असे बृहदारण्यकोपनिषद सांगते. महाराष्ट्रात तर लग्नमंडपात ‘सावधान’ हा शब्द ऐकताच पळून गेलेल्या समर्थ रामदासांची आख्यायिका मुलांना कौतुकाने सांगितली जाते. मंडपातून निघून जाणाऱ्याचा असा गौरव झाला. मंडपात थांबून, सप्तपदी चालून, संसार थाटून, आणि मग ‘आम्हांला मूल नको’ असे म्हणणाऱ्या जोडप्यासाठी मात्र समाजाने कोणतीही जागा राखली नाही. संसार सोडणारा वंद्य आणि संसारात राहून त्याचा एकच भाग नाकारणारा संशयास्पद, असा हा मोठा चमत्कारिक न्याय आहे.

भाषाही त्याचीच साक्ष देते. मराठीत ‘वांझ’ आहे, ‘वांझोटी’ आहे, ‘निपुत्रिक’ आहे. हे सारे शब्द दुर्दैवाचे आहेत, आणि त्यांतले अधिक बोचरे शब्द स्त्रीलाच लागतात. नमस्कार करणाऱ्या नववधूला मिळणारा ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हा आशीर्वाद तिला आठ पुत्र हवे आहेत असे गृहीत धरूनच दिलेला असतो. दुर्दैवावर उपायही होते. दत्तकविधान हा त्यांतला प्रमुख, आणि त्याचे महत्त्व केवढे होते हे १८४८ मध्ये साताऱ्याचे आणि १८५४ मध्ये झाशीचे राज्य दत्तक नामंजूर करून खालसा झाले तेव्हा साऱ्या देशाला कळले. नवस, उपास, दत्तक हे सारे उपाय मूल हवे असून न झालेल्यांसाठी. ज्यांना ते नकोच आहे त्यांच्यासाठी भाषेत एक साधा शब्दसुद्धा नाही. त्यांच्यापुढे सांत्वनाचे शब्द येतात, आणि सांत्वन नाकारले की ते उद्धट ठरतात.

अशा समाजात रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी आपल्याला मूल होऊ द्यायचे नाही असे ठरविले. रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव. १८९१ मध्ये त्यांच्या मातोश्री राधाबाई बाळंतपणात वारल्या, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. पुढे गणिताचे प्राध्यापक झालेल्या या गृहस्थाने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. मेरी स्टोप्सबाईंचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे, हे ध्यानात घेतले म्हणजे कर्व्यांचे पाऊल काळाच्या किती पुढे होते ते कळते. या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते.

येथे पितापुत्रांची तुलना केल्यावाचून राहवत नाही. १८९३ मध्ये महर्षींनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. तरी त्या सुधारणेचा रोख, विधवेला संसाराचे बंद झालेले दार पुन्हा उघडावे, असा होता. संसार म्हणजे काय याविषयी सुधारक आणि सनातनी यांचे फारसे दुमत नव्हते. म्हणूनच कालांतराने समाजाने वडिलांना ‘महर्षी’ म्हटले आणि १९५८ मध्ये देशाने त्यांना भारतरत्न दिले. चिरंजीवांनी संसाराच्या व्याख्येलाच हात घातला. पतिपत्नीचे सुख हे अपत्याचे केवळ साधन नव्हे, त्याला स्वतंत्र मोल आहे, ही त्यांची भूमिका होती. संयम हाच एक उपाय मानणाऱ्या गांधीजींशी त्यांचा मतभेद होता तो याच मुद्द्यावर. तिकडे तामिळनाडूत पेरियार रामस्वामी म्हणत होते, की इतर लोक संततिनियमन सांगतात ते देशाच्या गरिबीसाठी किंवा मातेच्या प्रकृतीसाठी. आपण ते स्त्री स्वतंत्र व्हावी म्हणून सांगतो. हा विचार आजही पुष्कळांच्या पचनी पडलेला नाही.

संततिनियमन मात्र पुढे सरकारमान्य झाले. १९५२ पासून भारत सरकारने तो राष्ट्रीय कार्यक्रम केला, लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर रंगला, ‘हम दो, हमारे दो’ हे वाक्य सर्वतोमुखी झाले. पण त्या वाक्यातही ‘दो’ होतेच. ‘हम दो’ एवढ्यावर थांबणारी घोषणा कोणी दिली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये देशातील दर स्त्रीमागे सरासरी ३.४ मुले होती, ती २०१९-२१ मध्ये २.० वर आली; महाराष्ट्रात तर १.७ वर. ही घट मुख्यतः दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या अपत्याची आहे. पहिल्याची अपेक्षा होती तेथेच आहे. लग्नाला वर्ष उलटले की हळदीकुंकवाला ‘काही विशेष?’ हा प्रश्न येतो, आणि तो नवऱ्याला कोणी विचारीत नाही.

कायद्याने या प्रश्नाला दोन अंगांनी स्पर्श केला आहे. मार्च २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समर घोष विरुद्ध जया घोष या खटल्यात मानसिक क्रौर्याची काही उदाहरणे दिली. लग्नानंतर पती किंवा पत्नी यांपैकी एकानेच परस्पर मूल न होऊ देण्याचे ठरविणे हे क्रौर्य ठरू शकते, असे त्यांतले एक उदाहरण आहे. निर्णय दोघांचा असावयास हवा, हा त्याचा मथितार्थ. कर्वे दांपत्याने नेमके तेच केले होते. २००९ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की अपत्य होऊ देणे वा न देणे हा स्त्रीच्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. गंमत अशी, की ज्या स्त्रीच्या खटल्यात हे तत्त्व उच्चारले गेले, तिला आपले मूल हवे होते आणि इतरांना ते नको होते.

परंतु न्यायालयापेक्षा अधिक बिकट प्रश्न म्हातारपणाचा आहे, आणि ‘पुढे तुमचे कोण करणार?’ हे विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांची थट्टा करणे सोपे असले तरी न्याय्य नाही. ज्या शेतमजुराला निवृत्तिवेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, त्याला मूल हीच म्हातारपणची काठी असते. मूल नको म्हणण्याचे स्वातंत्र्य आज शहरातल्या, स्वतःचे घर आणि नियमित मिळकत असलेल्या जोडप्याला परवडते. त्या मजुराच्या बायकोला ते विचारातही आणता येत नाही.

ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासंबंधीचा २००७ चा कायदा पाहिला तर हे अधिक स्पष्ट होते. निरपत्य वृद्धाची तरतूद त्यात आहे. त्याचा सांभाळ करण्याची जबाबदारी ऐपत असलेल्या नातलगावर टाकली आहे. मात्र त्या नातलगाच्या ताब्यात वृद्धाची मालमत्ता असली पाहिजे, किंवा ती त्याला वारशाने मिळणार असली पाहिजे. असे नातलग अनेक असतील तर ज्याच्या त्याच्या वारसाहिश्शाच्या प्रमाणात. म्हणजे पुतण्याला वाडा मिळणार असेल तर काकूला अन्न मिळेल. जिच्यापाशी वाडाही नाही आणि मूलही नाही, तिच्यासाठी त्याच कायद्यात निराधारांच्या वृद्धाश्रमाचे कलम आहे: जिल्ह्यात किमान एक, किमान दीडशे माणसांची सोय असलेला. राज्य सरकारने असे आश्रम ‘काढावेत’ असे तेथे म्हटलेले नाही. ‘काढता येतील’ असे म्हटले आहे.