शैवलाचे खाद्य आणि प्रतिजैविकाची किंमत

आसवारिष्टे सिद्ध करणाऱ्या प्रत्येक वैद्याला ठाऊक आहे की, संधानाचे यश मूळ द्रव्यांइतकेच गूळ व धातकीपुष्पांवर अवलंबून असते. प्रतिजैविकांच्या निर्मितीतही हाच न्याय लागू पडतो. सूक्ष्मजीव कोणता, याइतकेच त्याचे खाद्य कोणते, यावर औषधाचे उत्पन्न व मूल्य ठरते.

फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला. मात्र १९४१ पासून अमेरिकेतील पिओरिया येथील प्रयोगशाळेने मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे पाणी बुरशीला खाद्य म्हणून दिले, तेव्हा उत्पादन अनेक पटींनी वाढले. तेथेच सावकाश पचणारे लॅक्टोजही उपयुक्त ठरले. कारण ग्लुकोज मुबलक मिळाल्यास बुरशी वाढते, परंतु पेनिसिलिन कमी बनवते. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे तेथे डॉ. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ते देणाऱ्या सूक्ष्मजीवाला पिंपरीवरूनच ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ हे नाव मिळाले.

अशा सूक्ष्मजीवांना नत्र पुरविण्यासाठी सोयाबीन वा शेंगदाण्याची पेंड वापरतात. तिच्या काही भागाऐवजी शैवल देता येईल काय, हा प्रस्तुत विचार आहे. स्पिरुलिनाच्या कोरड्या चूर्णात सुमारे ५५ ते ७० टक्के प्रथिने असतात व तिची पेशीभित्ती मृदू असते. क्लोरेलाची भित्ती कठीण असल्याने ती आधी फोडावी लागते.

परंतु शैवल पाण्यात वाढते म्हणून स्वस्त, हा समज फसवा आहे. उघड्या टाकीतील एक लिटर पाण्यातून साधारणतः एक ग्रॅम वा त्याहून कमी कोरडे शैवल मिळते. खरा खर्च पाणी काढण्याचा व वाळविण्याचा. म्हणून तेल वा रंगद्रव्य काढून उरलेला चोथा किंवा न वाळविलेले शैवल यांचाच विचार किफायतशीर ठरू शकेल. सातारा-सांगली पट्ट्यातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळी आंबताना कर्बवायू निघतो; तो शैवलाच्या वाढीस उपयोगी पडू शकतो.

कृष्णेच्या पात्रातील शैवल मात्र गोळा करू नये. नीलहरित शैवलांच्या काही जातींत यकृताला घातक विष असते, तसेच दूषित पाण्यातील जड धातूही शैवलात साठतात.

प्रयोग करताना सूक्ष्मजीवाची वाढ किती झाली, यावर समाधान मानू नये. प्रति लिटर किती क्रियाशील औषध मिळाले आणि त्यास किती खर्च आला, हेच पाहावे. आणि शैवल हे येथे सूक्ष्मजीवाचे अन्न आहे, प्रतिजैविक नव्हे, हा भेद औषधालयचालकांनी ग्राहकालाही स्पष्ट सांगावा.