फवारणीच्या पाण्यातलं विष उन्हानं तोडता येतं का?

ऑगस्टमध्ये महागाव तालुक्यातल्या कापसाच्या शिवारात गेलात, तर पाठीवर पंप लावून फवारणी करणारी माणसं हमखास दिसतील. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. पण पंप धुतलेलं पाणी कुठं जातं, याची बातमी होत नाही. ते अनेकदा धुऱ्यावर ओतलं जातं आणि पावसाबरोबर नाल्यात उतरतं.

असं पाणी साफ करायचा एक मार्ग म्हणजे फोटोकॅटॅलिसिस. नाव जड आहे, गोष्ट तेवढी जड नाही. पांढऱ्या रंगात जी पांढरी पावडर असते ती टायटॅनियम डायऑक्साइडची. तिच्यावर अतिनील किरण पडले की आतले इलेक्ट्रॉन जागा सोडतात. मागे उरलेल्या रिकाम्या जागेला 'होल' म्हणतात. हा होल पावडरीच्या पृष्ठभागावर पाण्याला भेटला की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. तो इतका आक्रमक असतो की कीटकनाशकाच्या रेणूचे तुकडे करतो. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी याच ऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन करून दाखवलं आणि या विषयाकडे जगाचं लक्ष गेलं.

अडचण अशी, की उन्हात अतिनील भाग जेमतेम ५ टक्के असतो. विदर्भातलं ऊन कितीही रणरणतं असो, बाकीचं वाया.

मग गंज वापरू या. लोखंडाचा ऑक्साइड स्वस्त आहे आणि दिसणारा प्रकाशही शोषतो. पण त्यात होल फार तर २ ते ४ नॅनोमीटर चालतो, तेवढ्यात इलेक्ट्रॉन परत येऊन जागा भरतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जाड कणाच्या पोटात तयार झालेला होल पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. म्हणून संशोधक त्याच ऑक्साइडच्या काड्या, पाकळ्या, सच्छिद्र गोळे बनवत बसतात. रसायन तेच, पण आतून बाहेर यायची वाट छोटी होते.

हे आकार घडवायची एक पद्धत चक्क फवारणीचीच आहे. धातूच्या क्षाराचं पाणी तापलेल्या काचेवर बारीक फवारायचं. पाणी उडून जातं, क्षार तुटतो आणि काचेवर ऑक्साइडचा पातळ थर उरतो. याला स्प्रे पायरोलिसिस म्हणतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात यावर वर्षानुवर्षं काम झालंय, तिथल्या पी. एस. पाटील यांचा १९९९ सालचा आढावा लेख या क्षेत्रात जगभर वापरला जातो. थराचा फायदा असा, की पावडरीसारखा तो पाण्यातून पुन्हा गाळून काढावा लागत नाही.

दुसरी पद्धत कुकरची. विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट थोड्या आम्लासह बंद भांड्यात घालून १४० अंशांच्या आसपास तापवलं, की मँगनीज डायऑक्साइडची सूक्ष्म फुलं तयार होतात. जास्त वेळ ठेवलं तर त्यांच्या काड्या होतात. (घरच्या कुकरात हे करू नका. तो साधारण १२० अंशांपर्यंतच जातो आणि हे रसायन खेळण्यातलं नाही.)

मँगनीज डायऑक्साइड विदर्भाला नवा नाही. भंडारा जिल्ह्यातल्या मॉइलच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून निघणारं हे खनिज ड्राय सेलमध्ये जातं. त्याच्या स्फटिकात बोगदे असतात, काही अरुंद, काही रुंद. सुपरकपॅसिटरमध्ये वीज साठवताना आयन या बोगद्यांत आणि पृष्ठभागावर येऊन बसतात. हिशेबानं एका ग्रॅममध्ये १३७० फॅरड मावायला हवेत. जाड थरात त्याचा छोटा हिस्साच मिळतो, कारण आतल्या भागापर्यंत ना आयन पोचतात ना वीज नीट वाहते. इथंही दुखणं गंजासारखंच, इलाजही तोच.

आता 'जादूची पावडर, पाणी स्वच्छ' असा व्हिडिओ दिसला तर पाण्यात काय होतं ते बघा. बहुतेक वेळा निळी मिथिलिन ब्लू डाय असते. रंग उडाला म्हणजे कीटकनाशकही गेलं असं होत नाही; अर्धवट तुटलेला तुकडा कधी मूळ रेणूइतकाच विषारी असतो. गढूळ पाण्यात तर प्रकाश आत शिरतच नाही. आणि यवतमाळच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे, त्यावर ही पावडर चालत नाही. ती रेणू तोडते; फ्लोराइड हा मूलद्रव्याचाच आयन, त्यात तोडायला काही नाही. तो पाण्यातून वेगळाच काढावा लागतो.